डाव्या हाताची वही

सोमवार, ४ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. कोंबडीचे पाय.

उजवा प्लास्टरमध्ये. शनिवारी दुकानातला दिवा बदलायला स्टुलावर चढलो. दिवा लागला. मी पडलो. मनगट गेलं.

सहा आठवडे.

बस. आता डावाही दुखायला लागला.

मंगळवार, ५ मार्च

वही कशाला, तर सरावाला. दुकानातली माप-वही एकेचाळीस वर्षं मीच लिहितो. टेप ज्याच्या हातात, पेन त्याच्या हातात, हा माझा नियम. बब्बी म्हणाली, "बाबा, तुम्ही माप घ्या, मी लिहिते." मी म्हटलं, काही नको, डाव्यानं शिकतो.

"या, या," म्हणाली. "इकडच्या बाजूला तुमचं स्वागत आहे."

बब्बी म्हणजे आमची मुलगी. एकुलती एक, एकोणतीस वर्षांची, जन्माची डावखुरी. दुकानात शिवण तिची, काज-बटण हिचं (ही म्हणजे माझी बायको), कटिंग माझं.

डावा हात ओळीवरून पुढे सरकतो आणि मागचं लिहिलेलं पुसत जातो. तळहाताची कड निळी झाली. बब्बीचा हात लहानपणी कायम असाच निळा असायचा. मी ओरडायचो, नीट धुवत नाहीस म्हणून.

गुरुवार, ७ मार्च

बब्बीनं नवी वही आणली. जाड पुठ्ठा, रेशमी दोरी, आणि प्रत्येक पानावर छापलेले प्रश्न. आजकाल अशाच मिळतात म्हणे.

'आज मन कसं आहे?' लिहिलं, बरं आहे. 'तसं का?' आता बरं असायला कारण लागतं का?

'ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी.' १. डावा हात. २. दोन्ही पाय, तेही मोडू शकले असते. ३. सुचत नाही.

'आज स्वतःला एक छान गोष्ट सांगा.' सांगितली. म्हटलं, बाबा रे, पुन्हा स्टुलावर चढू नकोस.

संध्याकाळी पोरीनं विचारलं, जमलं का? म्हटलं, झकास. तिचा चेहरा खुलला. ती वही फळीवर ठेवून दिलीय आणि कापडवाल्यानं फुकट दिलेल्या ह्या वहीत लिहितोय.

शनिवार, ९ मार्च

समोरच्या इमारतीतले निवृत्त हेडमास्तर पँट आखूड करायला आले होते. वही बघितली आणि खुर्ची ओढून बसलेच. "दैनंदिनी म्हणजे अंतःकरणाचा आरसा! प्रारंभ निसर्गानं करावा. मग चिंतन. मग संकल्प."

करून बघितला प्रारंभ. 'आज प्रभातसमयी पूर्वक्षितिजावर सहस्ररश्मी'

एवढ्याला पाव तास लागला. जोडाक्षरांनी जीव घेतला. चहा निवला. सूर्य अर्धवट वर आलाय, त्याला तिथंच ठेवलाय.

खरं सांगायचं तर सकाळी मी सूर्य बघतच नाही. दुकान उघडतो आणि रस्त्यानं जाणाऱ्यांचे खांदे बघतो.

सोमवार, ११ मार्च

आज लांब लिहावंच लागणार. हात मोडला तरी चालेल. दोन्ही.

काडीवाले आले होते. शहरातल्या वाद्यवृंदाचे ते प्रमुख. साठ माणसं वाजवतात आणि हे त्यांच्यासमोर उभे राहून हातातली काडी हलवतात, म्हणून आमच्या दुकानात त्यांचं नाव काडीवाले. १३ एप्रिलला त्यांचा शेवटचा कार्यक्रम, मग निवृत्ती. त्यासाठी कोट हवाय. कापड त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेलं: काळी लोकर, हात ठेवला तर उचलावासा वाटत नाही. ज्या गिरणीत विणलं ती कधीच बंद पडली. एकच तुकडा. कापताना चूक झाली तर देवसुद्धा दुसरा आणून देऊ शकत नाही.

"मास्तर, कोट तुमच्याच दुकानातला हवा."

माझं प्लास्टर निघणार १५ एप्रिलला. हात गळ्यात बांधलेला समोर दिसतोय. तरी मी म्हणालो, "होईल." एकेचाळीस वर्षांत कुणाला नाही म्हटलेलं नाही, जीभ वळतच नाही तिकडे.

माप घेतलं. डाव्यानं लिहिलं. आकडे ठीक आले. तेवढ्यात बब्बी म्हणाली, "काका, वाजवून घेताना हात करता ना वर, तसे करा जरा." त्यांनी केले. तिनं पाठीवर टेप लावला. "बाबा, दीड इंच उघडली पाठ."

मी म्हटलं, "माप हात खाली सोडूनच घेतात. कोट घालायचाय, पतंग नाही उडवायचा."

तिनं टेप गुंडाळला. काडीवाले तिच्याकडे बघत राहिले.

ते गेल्यावर ही म्हणाली, "कापणार कोण?" म्हटलं, बघू. बब्बी टाचण्या डबीत टाकत होती. एकेक टाचणी इतकी वाजवून टाकता येते हे आज कळलं.

मंगळवार, १२ मार्च

कोटाचं राहू दे, तीन पँट आणि दोन शर्ट कापायचे पडलेत. ही म्हणाली, "बब्बी कापेल की."

हे आमचं जुनं भांडण. पोरगी पंधरा वर्षांची असताना मी तिला कात्री दिली होती. हौसेनं दिली होती. कापड कापायची कसली, चावायची. कडा अशा की उंदीर बरा. आणि वर म्हणायची, कात्रीच वाईट आहे. माझी कात्री! नाचता येईना, अंगण वाकडं. मी म्हटलं, आधी उजव्या हातानं शीक, मग बोल. ती शिकली नाही. शिवण सुरेख करते, पण कात्री काही तिच्या हातात बसत नाही. आणि कात्री ज्याच्या हातात बसत नाही, त्याला दुकान कसं द्यायचं? माझ्यामागं ह्या दुकानाचं दार बंद होणार, हे मी मनाशी धरून चाललोय.

हे सगळं हिला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "बरं. माझ्या मावसभावाच्या ओळखीचा एक कटर आहे, घरीच काम करतो. नेऊन देते त्याला." दे म्हटलं. नाइलाज.

गुरुवार, १४ मार्च

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज तारीख बघतो. आज चष्मा लावून बघितलं, तर प्रत्येक चौकोनात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं. ही डायरी लिहिते! इतकी वर्षं! मला पत्ता नाही!

'२: हे पडले. मनगट. डोकं शाबूत, म्हणजे होतं तसंच. टोमॅटो नरम निघाले.'

'७: बब्बीनं वही आणली. हे लिहितात. जीभ बाहेर काढून.'

हसू आलं. एका चौकोनात सगळा दिवस! म्हटलं, आपणही असंच लिहावं. मग १० तारीख वाचली.

'१०: बब्बीला तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाचं बोलावणं. ३१ पर्यंत कळवायचंय. इथं कटिंग मिळालं तर जाणार नाही म्हणते. ती सांगणार नाही. हे विचारणार नाहीत.'

मोठं दुकान म्हणजे काय, तर तयार पँट आखूड करा, तयार बाही लांब करा. दिवसभर. माझ्या पोरीची शिवण ह्यासाठी?

छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालंय. ॲसिडिटी असेल. विचारलं नाही. काय विचारायचं?

आजचा चौकोन: 'काही नाही.' बघा, हे खोटं झालं. हिची तऱ्हा हिलाच जमते.

शनिवार, १६ मार्च

कटरकडून कापड आलं. अवाक झालो. हात आहे गड्याला! पँटची बैठक अशी काढलीय की मीही दोनदा बघितली. हिला म्हटलं, "ह्याला एकदा चहाला बोलव." ही म्हणाली, "येईल, येईल," आणि लगबगीनं आत गेली. हसत होती बहुतेक. हिला हल्ली कशाचंही हसू येतं.

एकच गंमत. माझ्या खडूच्या खुणा उजवीकडे कलतात, ह्याच्या डावीकडे. टेबल भिंतीला चिकटलेलं असणार बिचाऱ्याचं.

बब्बीच्या डाव्या अंगठ्याला पट्टी. काय झालं? म्हणाली, कांदा कापताना. म्हटलं, जपून.

सोमवार, १८ मार्च

सापडलं!

आज माप-वहीत डाव्यानं माप लिहीत होतो. हात हळू, म्हणून मोजकंच लिहायचं, पण काही सुटू द्यायचं नाही. आणि डोक्यात लख्ख पडलं की गड्या, तुला लिहिता येतं. एकेचाळीस वर्षं तू हेच लिहितोयस.

माप सगळेच घेतात. छाती, कंबर, पाठ, बाही. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, टेप गुंडाळलास की शेवटचा प्रश्न विचार: कुठं ओढतंय? अंगातला जुना कपडा कुठं ओढतो. गिऱ्हाईक आधी म्हणतं, कुठं नाही. मग दोन क्षण थांबायचं. त्याचा हात आपोआप तिथं जातो. ती जागा लिहून ठेवायची. नवा कपडा तिथूनच सुरू होतो.

मग आज असं लिहितो.

हेडमास्तर. उंची गेल्या वर्षीपेक्षा पाऊण इंच कमी, हे त्यांना मान्य नाही. डावा खिसा शेंगदाण्यांनी फुगलेला. चाल शाळेच्या घंटेवरची. कुठं ओढतंय: मुलाचा फोन आला की ताडकन उभे राहून बोलतात. गेले पंधरा दिवस फोन बघायला सारखे उठतात, बोलायला नाही.

अर्ध्या पानात अख्खा माणूस मावला! हात दुखला नाही. म्हणजे दुखला, पण लक्षात आलं नाही. सूर्य नाही, आभार नाहीत, पण आजचा दिवस इथं आहे. मला इतका आनंद झालाय की हिला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता जीभ आत घ्या."

मंगळवार, १९ मार्च

ही. कंबर तीच, म्हणते ती. उजवी बाही कायम दुमडलेली. माझं सगळं ऐकते आणि स्वतःचंच करते. कुठं ओढतंय: कॅलेंडरच्या ३१ तारखेचा चौकोन आत्ताच काळा केलाय, पेन्सिल गिरवून गिरवून.

मग म्हटलं, स्वतःचं लिहावं. बसलो. छाती लिहिली, कंबर लिहिली. पाठीपाशी अडलो. एकट्याला स्वतःच्या पाठीवर टेप धरता येत नाही. प्रयत्न केला, तर टेप मानेभोवती गुंडाळला गेला आणि बब्बीला येऊन सोडवावं लागलं. पोट धरून हसली. तिचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

शुक्रवार, २२ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायचंय.

दुपारी दोघी बाहेर गेल्या होत्या. म्हटलं, डाव्यानं लिहिता येतंय, तर कापताही येईल. काडीवाल्यांचा कोट कुणाकडे द्यायला नको. जुनी चादर टेबलावर घातली, खडूनं सरळ रेषा मारली आणि माझी मोठी कात्री डाव्या हातात घेतली.

रेषाच दिसेना. वरचं पातं बरोबर रेषेवर बसतं. मान वाकडी केली, तेव्हा कुठं दिसली. दाबलं, तर कापड कापलं जाण्याऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडलं. डाव्या हाताच्या जोरानं पाती मिटण्याऐवजी एकमेकांपासून सुटतात. धार परवाच लावलेली! पुन्हा दाबलं. पुन्हा दुमडलं. पाऊण तासात हातभर कापलं. कडा बघितल्या.

उंदीर बरा.

अंगठा झोंबायला लागला म्हणून कात्री ठेवली. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला, टपोरा फोड. कात्रीची मूठ उजव्या अंगठ्यासाठी घडवलेली, डाव्याला तिथंच चावते.

मी त्या फोडाकडे बघत बसलो. कांदा कापताना तिथं काही लागत नाही. कांदा कापताना बोटाचं टोक कापतं.

उठलो. त्या कटरनं कापलेल्या पँटचे तुकडे काढले, डावीकडे कललेल्या खुणा बघितल्या. मग ही वही उघडली. सरावाला पहिल्या पानांवर मी बरोबरच्या खुणा काढल्या होत्या. सगळ्या डावीकडे कललेल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हाच तो गडी, ज्याला मी चहाला बोलवत होतो.

ह्याच चावणाऱ्या कात्रीनं तिनं ती बैठक काढली. मान वाकडी करून, कापड फिरवून, एकेक इंच, अंगठा सोलून घेत. आणि मी तिला चौदा वर्षं सांगतोय की तुझ्या हातात कात्री बसत नाही. एकदाही कात्री डाव्या हातात धरून बघितली नाही. मास्तर म्हणवतो स्वतःला!

अंगण वाकडंच होतं. आणि अंगण माझं होतं.

रडलो. लिहून ठेवतो, कारण ओढतंय ते लिहायचं हा नियम आहे.

शनिवार, २३ मार्च

धारवाला सायकलवरचं चाक घेऊन चौकात बसतो. सकाळीच गाठला. विचारलं, डाव्या हाताची कात्री असते का? मोठी, शिंपीकामाची?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पेटीच्या तळातून तेलकट कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "असते. ही बघा. तुमच्याच पोरीनं मागवायला सांगितली होती. शाळेच्या गणवेशात आली होती. मी मागवली. आली, तेव्हा म्हणाली, काका, राहू दे, बाबा उजव्यानं शीक म्हणतात."

"मग इतकी वर्षं ठेवलीस?"

"कुणाला देणार? डावखुरे शिंपी काय झाडाला लागतात?" म्हणाला. "दर वर्षी तेल लावतो तिला. वाटायचं, कुणीतरी येईल. तुम्ही याल असं नव्हतं वाटलं."

सोमवार, २५ मार्च

कालचा अख्खा रविवार काय बोलायचं ह्याचा सराव केला. हेडमास्तरांसारखं तयार केलं होतं, प्रारंभ, चिंतन, संकल्प. सगळं विसरलो.

सकाळी काडीवाल्यांचं काळं कापड टेबलावर पसरलं आणि त्यावर ती कात्री ठेवली. बब्बी आली, पर्स ठेवली, आणि थबकली.

"हे काय?"

"कात्री."

"कुणाची?"

"चौदा वर्षांपूर्वी मागवलेली. यायला जरा उशीर झाला."

तिनं ती डाव्या हातात घेतली. हवेत एकदा उघडली, मिटवली. तिचा चेहरा मला वर्णन करता येणार नाही, ते माझं काम नव्हे. खांदे लिहितो: दोन्ही खाली आले. इतकी वर्षं ते वर होते आणि मला वाटायचं तिची ठेवणच तशी.

"उजव्यानं शीक म्हणाला होतात."

मी माझा अंगठा पुढं केला. फोड दाखवला. तिनं तिची पट्टी काढून शेजारी तिचा अंगठा धरला. जागा तीच.

"बब्बे," म्हटलं, "अंगण वाकडं होतं गं."

मग ती रडायला लागली आणि हसायलाही लागली, आणि समोर दिसला त्या टेपनंच डोळे पुसले. मी म्हटलं, "मोठ्या दुकानाला काय कळवणारेस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कॅलेंडरनं."

आतून ही कडाडली, "दुसऱ्याची डायरी वाचतात होय! लाज नाही वाटत?"

बब्बीनं नाक ओढलं आणि एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाली, "कोट मी कापणार असेन तर पाठीचं माप माझं. हात वर करून घेतलेलं."

"घे."

"आणि काखेचा कट?"

"तो मी सांगेन तसाच. वर घ्यायचा, बगलेला लागून. खाली घेतलास तर हात उचलला की अख्खा कोट वर जाईल."

"ते मला माहितेय, बाबा."

"माहितेय तर विचारतेस कशाला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

पोरगी माझीच, शंका नाही.

बुधवार, २७ मार्च

कोट कापला. मी डावा हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसलो होतो, मध्ये घुसू नये म्हणून. ही दारात उभी, तोंडात पदराऐवजी टेप.

बब्बीनं कात्री लावली. आणि तो आवाज! धार बरोबर असली, हात बरोबर असला, की जाड लोकर एक लांब श्वास सोडल्यासारखी कापली जाते. चौदा वर्षांपूर्वी मी हा आवाज ऐकायला बसलो होतो आणि आला नव्हता. आज पाठीच्या भागावर सलग आला, अथपासून इतिपर्यंत.

शेवटचा तुकडा ठेवून तिनं विचारलं, "कसं?"

मी कड बघितली. दुसऱ्या बाजूनं बघितली. चष्मा पुसून बघितली.

"बरं आहे," म्हणालो. ही ओरडली, "अहो, नीट बोला!"

"सुरेख आहे," म्हणालो. "माझ्यापेक्षा." हे मी मोठ्यानं म्हणालो, दोघींनी ऐकलंय, आता मागं घेता येणार नाही.

रविवार, ३१ मार्च

कॅलेंडर, चौकोन ३१. काळं गिरवलेलं खोडरबरानं पुसलंय. त्यावर: 'बब्बी नाही म्हणाली त्यांना. इथंच. हे शिट्टी वाजवतात. बेसूर.'

शनिवार, ६ एप्रिल

कोटाची पहिली ट्रायल. कच्ची शिवण, एकच बाही. काडीवाले आरशासमोर उभे राहिले, दुकानातली लाकडी फूटपट्टी उचलली, डोळे मिटले आणि सुरूच झाले. दहा मिनिटं! तोंडानं सगळी वाद्यं. बाहेर माणसं थांबली. मी फक्त कॉलर बघत होतो. हात डोक्यावर गेले, कॉलर मानेवरून केसभर हलली नाही.

थांबले तेव्हा घामाघूम झाले होते. मी म्हटलं, "साहेब, एक सांगायचं राहिलं. कोट मी नाही कापला. हिनं कापलाय."

"ते मला त्या दिवशीच कळलं होतं," म्हणाले. "हात वर करा म्हणाली तेव्हा. साठ माणसांत सुरात कोण आहे हे मला न बघता कळतं, मास्तर. तुम्हाला कळायची वाट बघत होतो."

सगळ्या गावाला माहीत होतं की काय!

रविवार, १४ एप्रिल

काल कार्यक्रम झाला. तिसऱ्या रांगेत तिघं बसलो. काय वाजवलं ते हेडमास्तरांना विचारा, ते मागच्या रांगेत होते, मुलगा आलाय त्यांचा, त्याला घेऊन. मी दोन तास पाठ बघितली. काळी, शांत पाठ, आणि वर दोन हात नुसते वाऱ्यासारखे. एक सुरकुती येईल तर शपथ. बब्बी माझं मनगट धरून बसली होती, चांगलं असलेलं.

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझी पंचाईत. एका हातानं टाळी वाजत नाही. बब्बीनं तिचा हात पुढं केला, मी माझा. तिचा डावा, माझा डावा. दोघांत मिळून एक टाळी, पण काय वाजली!

सोमवार, १५ एप्रिल

प्लास्टर निघालं. हात काटकुळा झालाय, पण आहे. डॉक्टर म्हणाले, लिहायला लागा, व्यायाम होईल.

आल्याबरोबर वही उघडून उजव्यानं लिहिलं: 'आज प्लास्टर काढण्यात आले. प्रकृती उत्तम आहे. सर्वांचे सहकार्य लाभले.' अक्षर मोत्यासारखं. वाचलं आणि वाटलं, हा कोण? बिलं लिहिणारा हात आहे तो, त्याला सवय आहे भराभर पुढं जायची. पेन पुन्हा डाव्यात घेतलं. कात्री उजव्यात चालेल, वही डाव्यातच बरी.

दुपारी बब्बी टेप घेऊन समोर उभी राहिली. "उठा. तुमचा कोट करायचाय. परवा अख्ख्या सभागृहात सगळ्यात वाईट कोट तुमचा होता, मला लाज वाटली."

उभा राहिलो. "पोट आत घेऊ नका. नेहमी असता तसे राहा." राहिलो. तिनं छाती घेतली, कंबर घेतली, बाही घेतली. मग मागं गेली आणि पाठीवर टेप धरला, जिथं माझा मला पोचत नाही. मग टेप गुंडाळला आणि विचारलं, "कुठं ओढतंय?"

"कुठं नाही," म्हणालो.

ती दोन क्षण थांबली. मीच शिकवलंय. मी हात हलवला नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि माप-वही पुढं ओढली. टेप तिच्या हातात होता, म्हणून पेनही तिच्याच. माझी एकेचाळीस वर्षांची वही, आणि तिच्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं अक्षर. लिहिताना तळहात ओळीवरून सरकत गेला, पुसत गेला.

ती चहा टाकायला आत गेल्यावर वाचलं. नाव: बाबा. छाती, कंबर, बाही, पाठ. उजवा खांदा जरा खाली, कात्रीचा. शेवटच्या ओळीला शाई फिस्कटली होती, पण मला आता डाव्या हाताचं वाचता येतं.

कुठं ओढतंय: आधी ओढत होतं. आता नाही.